शेंगाचटणीचा डबा

आमच्या घरात एक पांढरा डबा आहे, म्हणजे कधीकाळी पांढरा होता. शेंगाचटणीनं त्याला असा धरलाय की आतून तो केशरीच झालाय. साबण, गरम पाणी, लिंबाची साल, सगळं करून झालं. एकदा त्यात साखर भरली, तर चहाला लसणाचा वास. पाहुणे गुपचूप प्यायले, पण ते सोलापूरचेच होते.

डब्याच्या बुडावर त्रिकोणात ५ छापलंय, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीच्या जुलिओ नात्तांनी १९५४ साली हे तयार केलं, पुढे नोबेलही मिळवलं. शेंगाचटणी काही त्यांनी पाहिली नसावी. या प्लास्टिकला उकळतं पाणी सोसतं, पण पाण्याशी त्याची सलगी नाही. तेलाशी मात्र जुनी सोयरीक. मिरचीचा रंगही तेलात विरघळणारा. उखळात कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि त्याचं बोट धरून रंग थेट प्लास्टिकात मुक्कामाला जातो. स्टीलच्या डब्यात त्याला शिरायला जागाच नसते.

आईचा उपाय सोपा होता. "गच्चीवर ठेव की उन्हात." मे महिन्यातलं आमचं ऊन! दोन दिवसांत डबा निम्मा फिका पडला. मिरचीच्या रंगाचे रेणू उन्हात तुटतात.

मग मला चेव चढला. बादली, मग, टब, सगळी वरात गच्चीवर नेली आणि तिथेच विसरले. ऊन डागापाशी थांबत नाही, प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्याही तोडतं. आधी बादलीवर पांढुरकी भुकटी आली, बोटाला लागायची. पुढच्या उन्हाळ्यात भरलेली बादली उचलली, तर कडी हातात आणि पाणी जिन्यात. नळ रोज न येणाऱ्या गावात जिना धुतला जाणं म्हणजे काय, ते आईच्या चेहऱ्यावर दिसलं.

आणि शेजारी ती काळी टाकी वर्षानुवर्षं तशीच उभी. तिच्या प्लास्टिकात काजळी मिसळलेली असते, उन्हाचा मारा ती स्वतःवर घेते. त्याची भरपाई म्हणून दुपारी नळातून चहाचं पाणी येतं, तेवढंच.

नवी बादली भांडेवालीकडून, दोन साड्यांवर. तिच्या पाटीत दोन तऱ्हा होत्या: एक पोपटी, चकचकीत; दुसरी काळपट. नाना रंगांचा भंगार वितळवला की दुसरा कुठला रंग साधत नाही. तिनं पोपटी बादली फरशीवर आपटून दाखवली. मी विचारलं, "उन्हात टिकेल का?"

"सावलीत ठेवा की."

सौदा पुरा करायला मी तो डबाही पुढे केला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा तसाच परत माझ्या हातात ठेवला. "चटणीचा हाय ओ, ह्यो कोण घेतंय?"