फॉर्टी फूट: हिवाळ्यातल्या समुद्रात उतरताना

आयर्लंडमधल्या डब्लिनमधून दक्षिणेकडे जाणारी डार्ट लोकल पकडायची आणि डाव्या खिडकीशी बसायचं. बूटर्सटाउननंतर समुद्र रुळांना अगदी खेटून येतो, आणि हिवाळ्यात त्याचा तो करडा रंग बघूनच अंगावर काटा येतो. सँडीकोव्ह-ग्लासथूलला उतरून थोडं चाललं की १८०४ च्या सुमाराला बांधलेला गोल मार्टेलो बुरूज, म्हणजे किनाऱ्याच्या रक्षणाचा दगडी बुरूज, दिसतो. त्याच्या पायथ्याशी फॉर्टी फूट, समुद्रात पोहायची जागा. खडकातल्या पायऱ्या, लोखंडी कठडे, कपडे बदलायला दगडी बाक. बस, एवढंच. तरी बारा महिने इथे पोहणारे असतात. पूर्वी ही जागा फक्त पुरुषांची होती. १९७४ साली बायकांनी थेट येऊन पाण्यात उड्या मारल्या. आता सकाळी गेलं तर साठी ओलांडलेल्या बायकांचाच दरारा जास्त.

नाताळच्या दिवशी इथे झुंबड उडते. कित्येक हौशी मंडळी वर्षातून त्या एकाच दिवशी अंग भिजवतात, तेही बिनतयारीचं. मला ते धाडस वाटत नाही, आगाऊपणा वाटतो. तयारी सप्टेंबरातच सुरू करावी. तेव्हा इथलं पाणी १४-१५ अंशांवर असतं, आणि शेजारच्या सँडीकोव्हच्या छोट्या वाळूच्या किनाऱ्यावर उथळात उतरता येतं. पुढे पाणी आठवड्यागणिक गार होत जातं, त्याच्यासोबत अंगही सरावतं. समुद्र हवेपेक्षा सावकाश थंड होतो, त्यामुळे नीचांक डिसेंबरात येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर छान ऊन असतं आणि पाणी मात्र ८ अंशांच्या आसपास. त्या उन्हाला भुलायचं नाही.

सगळ्यात धोक्याची पहिली दोन-तीन मिनिटं. कातडीला गार पाणी लागलं की आपल्याला न विचारता मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. पोर्ट्समथ विद्यापीठातले शास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. काही मिनिटांच्या मोजक्या डुबक्यांनीही हा झटका बराच कमी होतो आणि तो सराव पुढे कित्येक महिने टिकतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग समुद्र.

खडकावरून पोरं सूर मारतात, मारू देत. आपण कठडा धरून एकेक पायरी उतरायचं, कमरेएवढ्या पाण्यात थांबायचं, मानेवर, तोंडावर पाणी मारायचं आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं. घ्यायची काळजी नको, तो आपसूक घेतला जातोच. मी तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचे. तेरा दाहे तीसाशेपर्यंत न अडखळता पोचले, तरच कठडा सोडायचा. शेजारच्या एका आजींना वाटलं, मी देवाची प्रार्थना करतेय. मीही खुलासा केला नाही.

पाणी जितके अंश असेल ‘तितकी मिनिटं’ आत राहायचं, असा एक हिशेब तिथे कानावर येतो. माझा त्याच्यावर विश्वास नाही. वारा, लाटा, रात्रीची अपुरी झोप, असं काय काय त्यात मोजायचं? त्यापेक्षा करंगळीकडे बघावं. हात पसरट होऊन करंगळी शेजारच्या बोटाला चिकटेनाशी झाली की स्नायू गारठायला लागले. अजून मजा येत असली तरी पायऱ्यांकडे वळायचं. कमरेला नारिंगी टो फ्लोट (मागे तरंगत येणारा हवेचा फुगा) बांधलेला असावा, म्हणजे लाटांतून आपण लांबून दिसतो.

पण खरी तयारी लागते ती बाहेर आल्यावर. शरीराचं आतलं तापमान बाहेर आल्यावरही काही वेळ उतरतच राहतं. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वीच पिशवी उलट्या क्रमाने लावायची: तळाशी कोट, वर स्वेटर, सगळ्यात वर टॉवेल आणि लोकरी टोपी. पायांखाली घ्यायला रबरी चटई. हूक, नाड्या, बटणं असलेलं काही आणायचंच नाही. बधिर बोटांना साधी चेनसुद्धा सापडत नाही. थर्मासचं झाकण आधीच सैल करून ठेवायचं. लगेच कढत पाण्याने अंघोळ केली तर चक्कर येऊ शकते, तेव्हा तो मोह आवरायचा.

कपडे चढवले की लगेच स्टेशनकडे धावू नये. हुडहुडी खरी भरते ती बाहेर आल्यावर थोड्या वेळाने, आणि दातावर दात आपटायचेच असतील तर ते त्या बाकावर, तेच करत बसलेल्या लोकांत आपटावेत. डार्टच्या डब्यात शेजारचा माणूस घाबरून उठून जातो.