टनेलखालची गळती

नोव्हेंबर, कॅनडातलं ऑन्टारिओ. बर्फ पडायला अजून अवकाश आहे. स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्याने (ट्रॅकने) चालणाऱ्या गाडीची, इंजिन गार ठेवणारी कूलिंग उघडायची तर आत्ताच, जानेवारीत उणे वीसमध्ये बोटं वळत नाहीत.

या गाडीला मोटारीसारखा समोर रेडिएटर नसतो, निदान भिस्त त्याच्यावर नसते. ट्रॅकच्या वर अॅल्युमिनियमचं बोगद्यासारखं आवरण, म्हणजे टनेल, आणि त्याच्या छताला आतून पोकळ, पन्हळी हीट एक्स्चेंजर; इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं. ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यावर आपटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. म्हणजे गारवा जिथून मिळतो, मारही तिथेच बसतो: गोठलेली ढेकळं, गोटे आणि सगळ्यात वाईट म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून ट्रॅकवर लावलेले खिळे.

बाटलीतली कूलंटची पातळी उतरली की सगळे आधी एक्स्चेंजरला दोष देतात. तो बऱ्याचदा निर्दोष निघतो. थंडीत नळीचं रबर आकसतं आणि क्लॅम्प सैल पडतो, गाडी तापली की गळती गायब. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय. हे दोन्ही बघून झाल्यावरच टनेलखाली शिरावं.

प्रेशर टेस्टर (हवेचा दाब देऊन गळती दाखवणारा पंप) कूलंटच्या टोपीच्या जागी लावायचा आणि टोपीवर लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा, बहुतेक ठिकाणी 13 पीएसआयच्या आसपास. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर एक्स्चेंजर फुगतो आणि एका भोकाची चार होतात. काटा दहा मिनिटं हलला नाही तर ठीक. हलला तर साबणाचं पाणी. पंक्चरवाल्याच्या टबासारखे मोठे बुडबुडे इथे येत नाहीत. टोकाच्या झाकणाच्या जोडावर मोहरीएवढा पांढरा फेस हळूहळू जमतो, पुसला की पुन्हा तिथेच. तीच जागा. मार्करने गोल करून ठेवायचा.

वेल्डिंगला दहा मिनिटं लागतात, तयारीला अख्खा दिवस. सीट आणि पेट्रोलची टाकी टनेलवरच बसलेली असते, त्यामुळे टाकी काढून लांब ठेवायची, झाकून चालत नाही. बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) प्लग सोडायचे, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावायचा. एक्स्चेंजर गरम पाण्याने दोनतीनदा धुऊन हवेने पूर्ण सुकवायचा. आत ग्लायकॉल (कूलंटमधलं न गोठणारं द्रव्य) राहिलं की वितळलेल्या धातूतून काळे ठिपके थुंकल्यासारखे बाहेर येतात आणि वेल्ड चाळणीसारखा होतो. दोन्ही नळ्यांची तोंडं उघडी ठेवायची, नाहीतर आतली हवा तापून वितळलेला धातू बाहेर ढकलते.

साफसफाई अॅसिटोनने. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर जवळपाससुद्धा नको, वेल्डिंगच्या आर्कखाली त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. मग फक्त अॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायचं. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर. हा थर राहिला तर धातू त्याखाली पाणी होऊन खाली पडतो आणि वरचं कातडं तसंच. म्हणून टिग वेल्डिंग, हा थर फोडणारा एसी करंट, अर्गॉन वायू आणि 4043 या अॅल्युमिनियम मिश्रधातूची सळई.

कमी तापमानावर वितळणाऱ्या जस्ताच्या सळया मिळतात, जुन्या पातेल्याला डाख लावावा तशा. सुईएवढ्या भोकाला चालतात, पण ज्योत सळईवर नाही, एक्स्चेंजरवर धरायची. सळई तापल्या धातूवरच वितळली पाहिजे. भेगेच्या जोडावर त्यांचा भरवसा नाही. दोन भागांचा एपॉक्सी रानात अडकल्यावर घरी पोचवतो, नीट लावला तर हंगामही काढतो. भेगेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडणं आणि उबदार खोलीत 24 तास. पाच अंशांच्या गॅरेजात तो आठवडाभर मऊच राहतो. गळती बंद करणारी पूड मात्र नकोच. एक्स्चेंजरच्या अरुंद वाटा तीच बुजवते.

भोक खिळ्याने पडलं असेल तर कारण तसंच सोडून काय उपयोग? खिळ्याचं टोक ट्रॅकच्या रबरी दातापेक्षा 6 ते 9 मिमीच वर हवं आणि टनेलला संरक्षक पट्ट्या हव्यातच. ट्रॅक ढिला असेल तर वेगात तो वर उसळतो, आणि बरोबर मोजलेला खिळाही लागतो.

भरताना अॅल्युमिनियमला चालणारं इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं निम्मं. हे उणे 37पर्यंत गोठत नाही. जास्त थंडी म्हणून नुसतं ग्लायकॉल ओतणारे असतात, पण ते एकटं उणे 13च्या आसपासच गोठतं. सांडलेलं लगेच पुसावं, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

हवा काढायला गाडीचं नाक वर उचलायचं, हवेचा स्क्रू सर्वात उंचावर यावा. इंजिन जागेवरच मंद चालवून मागच्या एक्स्चेंजरची नळी हाताला कोमट लागली की थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडला. लगेच बंद करायचं, कारण खाली बर्फ नसताना ही गाडी बघता बघता तापते. रात्रभर गार होऊ द्यायची, सकाळी पातळी बघून भर घालायची, आणि पहिल्या बर्फातल्या फेरीनंतर पुन्हा एकदा.