म्हसा-देहरीचा चिखल आणि ‘आठ टनी’ निळा पट्टा

गाडी ओढायचा दोर घ्यायला गेलात, तर किती टनांचा हे नंतर विचारा. आधी विचारा, ताणतो किती. जुलैतल्या फेरीत एका गाडीचा पुढचा हुक बोल्टांसकट वाकून बाहेर आला, आणि दोष चिखलाचा नव्हता. कळंबोलीकडच्या एका दुकानात ‘आठ टनी रिकव्हरी बेल्ट, कायनेटिकच आहे’ (म्हणजे ताणून हिसका झेलणारा) असं सांगून गळ्यात मारलेला निळा पट्टा त्याला कारण झाला.

रस्ता थोडक्यात: ठाण्याहून माजिवडा, भिवंडी बायपास, कोन, दुर्गाडी पूल, शहाड, रायते, मुरबाड, म्हसा. पहाटे सहाच्या आत दुर्गाडी ओलांडा, नाहीतर कल्याणातच सकाळ संपते. रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातो. आदल्या रात्री जोर असेल तर मुरबाडात कुणाला तरी विचारून मगच निघा.

अडकायची जागा म्हशापासून गोरखगडाच्या पायथ्याच्या देहरीकडे जाताना ओढ्याला लागून असलेली बैलगाडीवाट. वरून गवत आणि मुरूम दिसतो, खाली खाचराचा निथळत आलेला गाळ आहे. पुढची चाकं गवतावर टिकतात, मागची रुततात, आणि चालकाने एकदा जास्त रेस दिली की डिफ (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) जमिनीवर टेकतो. पावसाळ्यात तिथे न जाणं हाच खरा सल्ला. जाणारच असाल तर वाट चुकवायला शेजारच्या खाचरात गाडी घालू नका. लावणीच्या दिवसांत बांध फुटला की शेतकऱ्याचं धरलेलं पाणी वाहून जातं.

आता पट्ट्याबद्दल. तो क्रेनला माल उचलायचा पॉलिएस्टरचा स्लिंग होता. या पट्ट्यांना रंगाचा संकेत असतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, नारिंगी १०. त्यावर सातपट सुरक्षितता धरलेली असते, म्हणजे निळा पट्टा तुटायला ५६ टनांच्या आसपास ताण लागतो. ऐकायला भक्कम वाटतं आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. असा पट्टा कामाच्या भाराखाली जेमतेम तीन-चार टक्के ताणतो. ९ मीटरच्या लांबीत साधारण एक फूट. हिसका द्यायला पळत आलेल्या दोन टनी गाडीचा सगळा जोर त्या एका फुटात थांबवायचा म्हणजे हातोड्याचा घाव. पट्टा तुटत नाही, म्हणून गाडी तुटते. चांगला नायलॉनचा विणलेला दोर वीस ते तीस टक्के ताणतो. तोच जोर दोन-अडीच मीटरभर हळूहळू शोषून घेतो आणि परत आखडताना अडकलेल्या गाडीला चिखलातून उपसतो.

खरेदी करताना शिवलेलं लेबल बघा. उचलण्याच्या पट्ट्यांत निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. पट्ट्याचा रंग आणि लेबलचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरावर लेबलच नसेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. बादलीत टाकलेला तुकडा तरंगला तर तो पॉलीप्रॉपिलीन, सरळ परत करा. बुडाला म्हणून नायलॉन ठरत नाही, पॉलिएस्टरही बुडतं. त्यासाठी दोरावर मार्करने एक मीटर अंतराच्या दोन खुणा करा, उभ्या गाडीला बांधून सावकाश ताण द्या आणि खुणांमधलं अंतर मोजा. अंतर जागचं हललंच नाही, तर तो ओढायचा दोर आहे, हिसक्याचा नाही.

जाड दोर घ्यायचा मोहही आवरा. दोराची तुटण्याची क्षमता दोघांतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या साधारण तिप्पट ते चौपट असावी. मारुतीच्या जिम्नीचं भरलेलं वजन दीड टनाच्या किंचित वर जातं; तिला १६ मिलिमीटरचा दोर पुरतो. थारसारख्या गाडीला १९, त्याहून जड गाड्यांना २२. जिम्नीला २५ चा लावला तर तो ताणलाच जाणार नाही, आणि मग निळ्या पट्ट्यात आणि त्यात काय फरक राहिला? नायलॉन ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद घटते, हे पावसाळ्यात हिशोबात धरा. लांबी सहा ते नऊ मीटर. चिखलात नऊच बरी, नाहीतर ओढणारी गाडीही त्याच गाळात येते.

दोर काढण्याआधी फावडं काढा. लोक इथेच घाई करतात. चाकांपुढचा गाळ उपसा, डिफ आणि चासीखालचे दगड मोकळे करा, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. चाकापर्यंत रुतलेली गाडी काढायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. दहा मिनिटांच्या खोदकामाने हुकावरचा ताण निम्मा होऊ शकतो. बऱ्याचदा दोराची गरजच उरत नाही.

दोर फक्त चासीला बोल्ट केलेल्या, वजन झेलणाऱ्या हुकात अडकवायचा. ट्रकवर चढवताना गाडी बांधायची खालची भोकं, बंपर, अॅक्सल, यांना हात लावू नका. ट्रेलरच्या गोळ्याला तर कधीच नाही. तो तुटून काचेतून आत आल्याने जगात माणसं मेली आहेत. जोडायला सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराचीच विणलेली कडी, वापरा. लोखंडी वापरावीच लागली तर ४.७५ टन कोरलेली, पिन घट्ट करून पाव फेरा मागे. दोन दोर मधे लोखंडी शॅकलने जोडणं म्हणजे तोफेत गोळा भरणं. ती शॅकल किलोभराची असते आणि दोर तुटला की ती कुणाच्या तरी दिशेने सुटते.

हिसका देताना दोन्ही गाड्या शक्यतो एका रेषेत हव्यात. दोर जमिनीवर नागमोडी टाकून एक ते दीड मीटर ढील ठेवा, जास्त नाही. ओढणाऱ्याने लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या जास्त जोराच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) दुसरा गिअर, वेग ताशी ८ ते १० किलोमीटर. वेग दुप्पट केला की दोरात भरणारी ऊर्जा चौपट होते: दोन टनी गाडी ताशी १० ला साधारण ७.७ किलोज्यूल, २० ला ३१. ‘जरा जोरात घे’ ओरडणाऱ्या माणसाला हा आकडा सांगा. अडकलेल्या गाडीने त्याच क्षणी पहिल्या गिअरमध्ये हलकी रेस द्यायची, चाकं गरगरवायची नाहीत. इशारा एकच माणूस देईल, तोही हॉर्नने ठरलेला. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका. दोघे चालक सोडून कुणीही दोराच्या लांबीच्या दीडपटीच्या आत नको, आणि दोराच्या रेषेत तर अजिबात नको. गावातली पोरं बघायला येतातच. त्यांना बांधापलीकडे नेऊन उभं करायला एक माणूस नेमा, हे काम कमी महत्त्वाचं नाही.

तीन हिसक्यांत गाडी निघाली नाही तर थांबा. पुन्हा खणा. नायलॉन ताणून गरम होतो आणि त्याची लवचीकता तात्पुरती जाते. दहा-पंधरा मिनिटं मोकळा पडू द्या. चौथ्या-पाचव्या हिसक्याला जे तुटतं ते बहुतेक या घाईमुळेच. विंचच्या (गाडीवरच्या, तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) तारेला लांबी वाढवायला हा दोर जोडायचा नाही. विंचला न ताणणारंच काही हवं.

हुक वाकल्यावर शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. लावणीत सगळे ट्रॅक्टर चिखलणीला गेलेले असतात, त्यामुळे पाच हजार मागितले, साडेतीन हजारांवर सौदा ठरला. बाकीच्यांनी पैसे दोर बांधायच्या आधी ठरवावेत, गाडी अर्धी वर आल्यावर भाव वाढतो. ट्रॅक्टरने हिसका देऊ देऊ नका. सावकाश, सतत ओढ, आणि त्याला निळा पट्टाच योग्य. त्याने या कामात जराही त्रास दिला नाही. पट्टा ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांडीलाच) लावा. वरच्या लिंकला लावला तर ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटू शकतो, हे चालकाला माहीत आहे असं गृहीत धरू नका, स्वतः वाकून बघा.

घरी आल्यावर दोर तसाच डिकीत गुंडाळून ठेवू नका. विणीत शिरलेली रेती पुढच्या प्रत्येक ताणात आतले धागे कापते आणि बाहेरून काही दिसत नाही. मोठ्या टबात साध्या पाण्यात आणि किंचित सौम्य साबणात पाणी नितळ येईपर्यंत बुचकळा, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, उन्हात नाही. मग पूर्ण लांबी बोटांमधून फिरवा. कडक झालेला, वितळून चकाकणारा किंवा अचानक बारीक लागणारा भाग सापडला तर दोर हिसक्यासाठी बाद, आणि कुणी उसना मागून नेऊ नये म्हणून तिथेच कापून दोन तुकडे करा.