पेनिसिलिनची ॲलर्जी आणि माझा षष्ठीचा नियम

परवा एका मुलीचं पत्र तपासताना लाल पेन टेकवलं आणि हात थांबला. वाक्य होतं, 'द पेशंट इज ॲलर्जिक ऑफ पेनिसिलिन'. खोडायला हरकत नव्हती, पण 'ऑफ' तिने स्वतःच्या मनाने घातलं नव्हतं. आदल्या आठवड्यात मीच फळ्यावर एक नियम लिहून दिला होता आणि पोरीने तो इमानेइतबारे पाळला होता.

मी मिरजेत संध्याकाळी सहा ते आठ नर्सिंग झालेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. सतारमेकर गल्लीच्या जवळच एका दुकानावरची खोली आहे. खाली कुणी तार जुळवत बसलं की वर माझा आवाज आपोआप चढतो. मुली ड्युटी संपवून तशाच येतात, अर्ध्याजणींच्या वेणीत अजून पिना असतात. बऱ्याचजणींना ओईटी द्यायची असते. आरोग्यसेवेतल्या लोकांची ही इंग्रजीची परीक्षा. त्यातल्या लेखनाच्या भागात पेशंटची टिपणं देतात. पाच मिनिटं ती वाचायची आणि पुढच्या चाळीस मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. पत्र जातं पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला, म्हणजे त्यात गोडवा कमी आणि विशेषणं जास्त: कशाची ॲलर्जी, कुणावर अवलंबून, कशाबद्दल काळजीत. काळ, क्रियापद, स्पेलिंग या मुली सांभाळून नेतात. विशेषण झालं की पेन हवेत थांबतं. पुढे काय? ऑफ, टू, विथ, की फ्रॉम?

शाळेत आपल्याला सांगितलं होतं, प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. ते अर्धंच खरं. 'टेबलाखाली', 'घरासमोर' इथपर्यंत जमतं. पण मराठीत हे काम बहुतेक वेळा विभक्तीचे प्रत्यय करतात, 'स-ला-ते' करत आपण घोकलेले, आणि ते नामाला मागून चिकटतात. इंग्रजीतलं हे छोटं पोर नामाच्या पुढे उभं राहतं, पण नामाचं ऐकत नाही. ऐकतं ते आधी येऊन गेलेल्या विशेषणाचं. गणित तेच, तरी 'वीक इन मॅथ्स' आणि 'गुड ॲट मॅथ्स'. आपल्याकडे कच्चा असो की हुशार, दोघेही गणितातच.

माझी स्वतःची फजिती कॉलेजातली. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून. पहिल्या वर्षाला उशिरा का आलीस म्हणून विचारलं, तेव्हा मी भर वर्गात म्हणाले, 'माय मदर वॉज अँग्री ऑन मी'. सर म्हणाले, "तुझ्यावर? म्हणजे भांड्यावर झाकण असतं तशी?" वर्ग हसला. मी आठवडाभर त्या तासाला मागच्या बाकावर बसले. आता वाटतं, त्यांनी हसण्याऐवजी एवढंच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की बाई, तू मराठीत अगदी बरोबर आहेस. आई माझ्या*वर* रागावली होती, तो 'वर' मी जपून उचलून इंग्रजीत नेऊन ठेवला. चूक होती, पण आंधळी नव्हती.

त्या रागातूनच माझा नियम निघाला. म्हटलं, मराठी आड येते ना, मग तिलाच कामाला लावू. क्रियापद सोडा, भावनेचं नाम घ्या. 'कुत्र्याला घाबरते' म्हणालात की 'टू' सुचतं आणि फसता. 'कुत्र्याची भीती वाटते' म्हणा. षष्ठी आली, चा-ची-चे आलं, की 'ऑफ' लावा. अफ्रेड ऑफ. आता पुढे चला: मुलीचा अभिमान, प्राउड ऑफ. जावेचा हेवा, जेलस ऑफ. केल्याची लाज, अशेम्ड ऑफ. धोक्याची जाणीव, अवेअर ऑफ. वेळेची खात्री, शुअर ऑफ. गोडाची आवड, फाँड ऑफ. वीट आला, सिक ऑफ. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलींचे चेहरे असे उजळले की मलाच माझा अभिमान वाटला, ऑफ मायसेल्फ.

त्यात एक जोडी तर मला फार आवडते. 'नाइट ड्युटीचा कंटाळा आलाय' ही षष्ठी, म्हणून टायर्ड ऑफ. 'नाइट ड्युटीने दमलेय' ही तृतीया, आणि तिथे इंग्रजीही बदलून टायर्ड फ्रॉम म्हणते. पहिलीला नोकरी बदलायची असते, दुसरीला फक्त झोप हवी असते. हा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, प्रत्ययातच आहे.

आणि मग पेनिसिलिन आलं. पेनिसिलिन*ची* ॲलर्जी. नियमाप्रमाणे ऑफ. परीक्षेत एक गुण गेला तर गेला, पण ती मुलगी मला विचारत होती, "मॅडम, चा-ची-चे आहे की!" आहे खरं. तेव्हा फळा पुसून मी फितूर झालेल्यांची नावं लिहिली. राग: तिचा राग, तरी अँग्री विथ. काळजी: वरीड अबाउट. जबाबदारी: रिस्पॉन्सिबल फॉर. सवय: यूज्ड टू, आणि त्या 'टू'च्या मागे क्रियापद आलं तर 'वेक' नाही, 'वेकिंग'.

ॲलर्जीचं मात्र डोक्यात राहिलं. घरी भाजी निवडताना उत्तर सापडलं. वॉर्डात आपण काय बोलतो? 'हा जंतू औषधा*ला* दाद देत नाही.' रेझिस्टंट टू. 'म्हातारी माणसं संसर्गा*ला* लवकर बळी पडतात.' ससेप्टिबल टू. समोरून काहीतरी येतं आणि शरीर त्याला उत्तर देतं किंवा देत नाही, अशी सगळी मंडळी 'टू'च्या घरची: सेन्सिटिव्ह, इम्यून, रेझिस्टंट, आणि ॲलर्जिकही. मराठीतही तिथे 'ला' आहे. एकटी ॲलर्जी आपल्याकडे आली आणि चुकून षष्ठीच्या पंगतीत बसली. दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, "मग मराठीतच चुकलंय म्हणायचं." म्हटलं, असंच लक्षात ठेव.

लग्नाचा घोळ वेगळाच. आपलं लग्न कुणा*शी* होतं, म्हणून प्रत्येक बॅचला कुणीतरी 'मॅरिड विथ अ फार्मर' लिहितंच. मी खोडून 'टू' करते. यावर्षी एकीने नमुन्याचा कागद माझ्यापुढे धरला. त्यात छापलं होतं, 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन'. "मॅडम, हे कसं चालतं?" वर्गात खसखस पिकली, कारण अर्ध्याजणींनी त्याचा अर्थ दोन पोरांशी लग्न असाच लावला होता. तिथला 'विथ' नवऱ्याचा नाहीच. बाई विवाहित आहे, आणि पदरी दोन मुलं आहेत. तो 'विथ' म्हणजे आपला पदर.

'इंडिपेंडंट'ही असाच घातकी शब्द. आजी अंघोळ, जेवण, कपडे स्वतःचं स्वतः करतात, हे सांगायला एकीने 'इंडिपेंडंट ऑफ' लिहिलं. वाचणाऱ्याला वाटेल आजींचा अंघोळीशी काही संबंधच उरलेला नाही. तिथे विथ किंवा इन हवं.

गंमत म्हणजे काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा इंग्रजी निघते. 'सिनियर दॅन मी' ही चूक 'माझ्यापेक्षा'मुळे होते. सिनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर हे मूळ लॅटिनमधले आधीच तुलना करून बसलेले शब्द, त्यांना 'दॅन' लागत नाही, 'टू' लागतं. आणि आपण बोलताना काय म्हणतो? 'ती मला दोन वर्षं सिनियर होती.' मला! 'टू'सकट घेतलाय आपण तो शब्द.

नियम सांगण्याचा माझा उत्साह एका गोष्टीने दरवेळी खाली येतो. वर्गात विचारावं, पेशंट भानावर आहे हे कसं लिहाल, 'ओरिएंटेड...?' सगळ्या एका सुरात: "टू टाइम, प्लेस अँड पर्सन!" एकीचीही चूक नाही. हे कुणी शिकवलं नाही, राउंडला ऐकून ऐकून कानात बसलंय. तरी मी षष्ठी सोडलेली नाही. ज्यांना राउंडला 'अशेम्ड' ऐकायला मिळत नाही, त्यांनी करायचं काय?

आमची एक मुलगी आता इंग्लंडमध्ये एका वॉर्डात आहे. मध्यंतरी तिचा मेसेज आला: इथल्या सिस्टरने 'डिफरंट टू' लिहिलंय, तुम्ही मला 'डिफरंट फ्रॉम'साठी पाच वेळा लिहायला लावलं होतंत. मी कळवलं की तिकडे 'टू'ही चालतं, अमेरिकेत तर 'दॅन'सुद्धा. तिचा लगेच प्रश्न: मग आपलं 'अँग्री ऑन' का नाही चालत? भारतात इतकी माणसं म्हणतात.

मी लिहिलं, तुझ्या वॉर्डात आपल्या दहाजणी झाल्या की चालायला लागेल. तिचं उत्तर आलं, "सध्या चार आहोत."