बॅलार्ड इस्टेटमधल्या खिडक्यांची रीतसर दुरुस्ती: माझा अनुभव

मुंबईत बंदराला लागून असलेल्या बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या ऑफिसांत एक समज पक्का बसलेला आहे: हेरिटेज इमारतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. या समजापायी काही जण वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत. काही जण सुट्टीचा दिवस गाठून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतात आणि मोकळे होतात. आम्ही आमच्या रस्त्याकडच्या सागवानी खिडक्या परवानगी काढून दुरुस्त केल्या. वेळ लागला, पण काम झालं. सुरुवातीला मला हे सगळं सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचा धंदा कस्टम क्लिअरिंगचा. दुसऱ्या मजल्यावरची ही जागा सासऱ्यांनी पागडीने घेतलेली. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि आमच्या व्यवसायातले पुष्कळ लोक हळूहळू खाडीपलीकडे गेले. आम्ही इथेच राहिलो, आणि त्यात या रस्त्यांवरच्या प्रेमाचा वाटा मोठा आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीने समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने ही २२ एकर जमीन उभी केली. गेटवे ऑफ इंडिया उभारणाऱ्या जॉर्ज विटेट यांनी इथल्या इमारतींना शिस्त घालून दिली. म्हणून मालक वेगळे, कंपन्या वेगळ्या, तरी दर्शनी भाग एकमेकांशी जुळणारे. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया जहाज कंपनीचं ‘सिंदिया हाउस’ याच भागात आहे. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली, म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. जहाजाच्या कागदांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा परिसर घरचा वाटतो. इथे एका खिडकीत अ‍ॅल्युमिनियम आलं तरी अख्खी ओळ बिघडते, हे माझं ठाम मत आहे.

आमच्या एका खिडकीच्या डोक्यावरून दगडाची कपची निखळून खालच्या छज्जावर पडली. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर थांबणं शक्यच नव्हतं. जुन्या इमारतींचं काम केलेल्या एका वास्तुविशारद बाईंना बोलावलं. त्यांनी शिडी लावून वर बघितलं आणि कारण तिथल्या तिथे दाखवलं. खिडकीवर भिंतीच्या आत लोखंडी तुळई आहे. खाऱ्या हवेने ती गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगून दगडाला बाहेर ढकलत होता. मागे कुणीतरी ती भेग सिमेंटने बुजवली होती. आत शिरलेलं पाणी सिमेंटमुळे बाहेर पडेना आणि गंज दुपटीने वाढला.

मग परवानग्या. इथली जमीन पोर्टाची, इमारत भाडेपट्टेदाराची आणि आम्ही त्यांचे भाडेकरू. म्हणजे आधी मालकांची लेखी संमती, मग पोर्टाची ना हरकत आणि त्यानंतर महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडे अर्ज. मुंबईत हेरिटेजची नियमावली १९९५ पासून आहे. परवानगी महापालिका आयुक्तांच्या अधिकारात येते. हेरिटेज संवर्धन समिती त्यांना सल्ला देते. आपली इमारत यादीत कोणत्या श्रेणीत आहे, की फक्त हेरिटेज परिसरात मोडते, हे सगळ्यात आधी बघा. प्रकरण किती वर जाणार ते त्यावर ठरतं.

एका ठिकाणी आमची फाइल बराच काळ पडून राहिली, कारण अर्जाच्या विषयात ‘नूतनीकरण’ असा शब्द होता. नूतनीकरण म्हटलं की आतले बदल, वाढीव बांधकाम, सगळ्याचीच शंका येते. वास्तुविशारद बाईंनी विषय बदलून लिहिला: ‘मूळ साहित्यात, मूळ मापात दुरुस्ती’. सोबत प्रत्येक खिडकीचा फोटो, त्यावर लाल रेघेने दाखवलेला खराब भाग, चौकटीच्या नक्षीचा खऱ्या मापाचा छेद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडला. एवढं समोर आल्यावर तिथले अधिकारी अगदी आस्थेने बोलले. ‘असे कागद आले तर आम्हाला नाही म्हणायचं कारणच उरत नाही,’ असं त्यांच्यातले एक जण म्हणाले. आवक क्रमांक मात्र दर वेळी लिहून घ्या. तो नसेल तर पाठपुरावा करता येत नाही.

परवानगी अटींसह आली. रस्त्याकडे लटकणारी एसीची खोकी काढून मागच्या चौकात न्यायची. रंग जुन्या थराशी जुळवायचा. दगडाच्या कामात सिमेंट वापरायचं नाही. एसीच्या अटीवरून आमच्याच ऑफिसात कुरकुर झाली, कारण नळ्या लांबवायचा खर्च बराच होता. पण खोकी निघाल्यावर खालचा दगड बघितला. वर्षानुवर्षं पाणी ठिबकून त्यावर हिरवट काळे ओघळ उठले होते आणि बोट फिरवलं की भुगा हाताला लागत होता. ती अट योग्यच होती.

सुतारकाम राजापूरकडच्या एका मिस्त्रींनी केलं. परांची बांधून झाल्यावर त्यांनी पेचकस घेऊन प्रत्येक चौकट टोचून बघितली. ‘ताई, खालचं हे चार बोटं लाकूड गेलंय. वरचं तुमच्या नातवंडांना पुरेल,’ ते म्हणाले. सगळी चौकट बदलायचा दर दुसऱ्या एका कंत्राटदाराने आधीच देऊन ठेवला होता. मिस्त्रींनी फक्त कुजलेला भाग तिरका कापून काढला आणि तिथे जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यात बसवला. ते सागवान रे रोडच्या लाकूडवाल्यांकडून आणलं. पाडलेल्या घरांतून आलेलं, चांगलं मुरलेलं. पितळी बिजागऱ्या रॉकेलमध्ये भिजवून साफ केल्या आणि परत लावल्या. रंगाचे थर खरवडल्यावर सागवानाचे रेषे इतके दाट दिसले की मिस्त्री स्वतःच हात फिरवत उभे राहिले.

चुन्याचं काम मात्र पाहावं असं असतं. विरवलेला चुना पाण्याखाली मुरवून ठेवलेला, लोण्यासारखा मऊ. त्यात चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी. तुळईवरचा गंज घासून, गंजरोधक लेप देऊन, नवा दगड बसवून सांधे या चुन्याने भरले आणि वर ओलं गोणपाट टांगलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाई केली, उन्हात सुकू दिला, तर तडकतो. त्यामुळे पावसाच्या तोंडावर हे काम काढू नका; मुंबईत दिवाळीनंतर सुरू करणं उत्तम.

पैशांबद्दलही सांगायला हवं. हेरिटेज इमारतींसाठी टीडीआरची, म्हणजे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, जी सवलत आहे ती मालकांसाठी. पागडीवाल्या भाडेकरूला खिडकीच्या दुरुस्तीसाठी त्यातून काही मिळत नाही. दर्शनी भाग साऱ्या शहराचा म्हणायचं आणि बिल दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने भरायचं, हे मला पटत नाही. निदान मिस्त्री, चुना आणि नकाशे यांसाठी छोटं अनुदान असायला हवं. आमच्याकडे शेवटी मालकांनी दगडाच्या कामाचा खर्च उचलला आणि लाकडाचा आम्ही.

आता खालच्या आणि शेजारच्या ऑफिसांनी आमच्या नकाशांच्या प्रती मागितल्या आहेत. वरच्या कॉर्निसलाही, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या बाहेर आलेल्या पट्टीलाही, भेगा आहेत, पण ती कुणा एकाची नाही. म्हणून सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांचा एकच अर्ज करायचं ठरलं आहे. मालकांची संमती आली आहे, पोर्टाकडचा अर्ज याच आठवड्यात जाईल. विषय आधीच लिहून तयार आहे: मूळ साहित्यात, मूळ मापात दुरुस्ती.