सहा पॉइंट तीन

पुण्यात नारायण पेठेत माझं पोळीभाजी केंद्र आहे, गेली चौदा वर्षं. पहाटे साडेचारला गॅस पेटतो तो दुपारी दोनला बंद होतो. डबे बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींचे. दिवसाला तीनशेच्या आसपास पोळ्या लाटल्या जातात. हे आधी सांगते, कारण जिचा सगळा दिवस कणकेत आणि गूळ-तुपात जातो तिला "गोड टाळा, भात कमी करा" एवढं सांगून भागत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये पायाला लागलेली एक साधी जखम तीन आठवडे भरेना, म्हणून रक्त तपासलं. मधुमेह निघाला. उपाशीपोटी साखर १८८, जेवणानंतर २७४, आणि एचबीएवनसी या साखरेच्या दुसऱ्या तपासणीत ९.४. वय ४८, उंची पाच फूट, वजन ५१ किलो. ह्यांना पटेचना. "हिच्या अंगावर मांस कुठे आहे? नमुना बदलला असेल," म्हणाले आणि मला दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले. तिथेही तेच.

माझी आई साताऱ्याकडची. तिला पंधरा वर्षं साखर होती आणि २००९ मध्ये तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंगच्या वेळी तिचा पाय मी धरून बसायचे. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर मला आकडा दिसलाच नाही, आईचा पाय दिसला. पुढचे आठ महिने मी जे काही केलं ते त्या पायाला घाबरून केलं.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या दिल्या. भात बंद, फळं बंद, रात्री अर्धी भाकरी हे मात्र माझं मीच ठरवलं. ग्लुकोमीटर घेतलं आणि दिवसातून सहा-सहा वेळा टोचायला लागले. एका पट्टीला वीस रुपये पडायचे. तेही सोसलं असतं, पण बोटांचं काय? मी बोटाच्या अगदी मधोमध, गादीवर टोचत होते आणि त्याच बोटांनी मिठाची कणीक मळत होते, हिरव्या मिरचीचा ठेचा काढत होते. रात्री बोटं ठसठसायची. टोचायचं ते बोटाच्या कडेला, तिथे दुखतं कमी, आणि रोज बोट बदलायचं, ही साधी गोष्ट मला आठ महिने कोणी सांगितली नाही.

होळीच्या दिवशी पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. दुपारी मशीनवर आकडा आला ३४१. पोटात गोळा आला. त्या दिवशी मी फक्त ताक आणि काकडी खाल्ली होती. तशीच बसून राहिले, संध्याकाळी जेवले नाही. रात्री मंगल, माझी मदतनीस, म्हणाली, "ताई, हात धुतले होते का?" धुतले नव्हते, नुसते फडक्याला पुसले होते. पुरण वाटताना बोटाला लागलेला गूळ रक्ताच्या थेंबात उतरला होता. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं तर १२९. एका गुळाच्या बोटापायी मी दिवसभर स्वतःला गुन्हेगार समजत होते.

ऑगस्टमध्ये एचबीएवनसी आला ६.३. डॉक्टर म्हणाले, "उत्तम, असंच चालू ठेवा." दोन मिनिटांत बाहेर. ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. नणंद म्हणाली, वहिनीसारखी शिस्त हवी. माझं वजन तेव्हा ४६ किलोवर आलं होतं. श्रावणात एकाही हळदीकुंकवाला गेले नव्हते, कारण कुठेही गेलं की ताटाकडे बघून कोणीतरी विचारणार, "तुम्हाला चालतं का हे?" मुलं डबा न्यायला आली की पूर्वी मी दोन शब्द बोलायचे, कोणाचा निकाल लागला, कोण गावी चाललं. तेही थांबलं होतं. रात्री दोनला जाग यायची आणि मशीन हातात घेतलं जायचं. यातलं काही रिपोर्टवर येत नाही.

एचबीएवनसी ही सरासरी आहे, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटली ते ही तपासणी मोजते, म्हणून ती दोन-तीन महिन्यांची मिळून एक गोष्ट सांगते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर महिनाअखेरचा हिशोब जुळला म्हणून मधल्या कुठल्या दिवशी गल्ला रिकामा होता ते कळत नाही. ६.३ म्हणजे सरासरी १३४ च्या आसपास. ती ५० आणि २०० मिळूनही होते.

गल्ला रिकामा झाला तो नेमका गणेश चतुर्थीला, ३१ ऑगस्टला. आदल्या दिवशी हरितालिकेचा उपास केला होता. उपासाला गोळीचं काय करायचं हे मी विचारलं नाही, डॉक्टरांनीही कधी विषय काढला नव्हता. पोट रिकामं असलं तरी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड दोन्ही दिवस घेतली. चतुर्थीला पहाटे तीनपासून उकडीचे मोदक चालू होते, तीनशे एक्कावन्न मोदकांची ऑर्डर. सकाळपासून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा.

साडेदहाच्या सुमाराला मोदकाच्या कळ्या पडेनात. ज्या बोटांना बघावंही लागत नाही, ती बोटं पारी फाडायला लागली. एक मोदक फुटला, दुसरा फुटला. वाटलं उकड कोरडी झाली, म्हणून पाण्याचा हात लावला. मग पाठीवरून घामाची धार आली, ओठ बधिर झाले, छातीत धडधड. मंगल काहीतरी विचारत होती, तिचा आवाज लांबून आल्यासारखा. समोर परातभर सारण, ओल्या नारळाचं, गुळाचं, वेलदोड्याचा वास सुटलेला. आणि मला आठवतंय, माझ्या मनात होतं की याला हात लावायचा नाही, साखर वाढेल. मंगलने मला धरून खाली बसवलं आणि एक मोदक तुपासकट तोंडात घातला. मशीनवर ५२ आले.

मोदक खाऊनही वर यायला बराच वेळ लागला. त्याचं कारण नंतर कळलं. तूप आणि खोबऱ्याने साखर रक्तात उतरायला उशीर होतो. अशा वेळी तीन सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, नाहीतर ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि वर आलं की नीट काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. आमच्या स्वयंपाकघरात आता ते ओट्याच्या वरच्या फरशीवर लिहून चिकटवलंय.

त्या दिवसानंतर मी भिडे पुलावरून एकटी पलीकडे डेक्कनला जायचं सोडलं. वाटेतच साखर उतरली तर? रात्री झोपण्याआधी भीतीपोटी दोन-दोन लाडू खायचे आणि सकाळी आकडा वाढला की रडायचे. शेवटी भाचीने दुसऱ्या एका डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला जवळजवळ ओढतच नेलं.

तिथे डॉक्टरांच्या आधी एका समुपदेशक बाईंनी बसवलं आणि वीस प्रश्नांचा कागद दिला. अमेरिकेतल्या विल्यम पोलोन्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली आहे. मधुमेहामुळे मनावर किती भार आहे ते मोजायला जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, सगळ्यांची बेरीज, तिला सव्वाने गुणायचं. शंभरपैकी ४० किंवा जास्त आले तर भार गंभीर समजतात. माझी बेरीज ४४ झाली, म्हणजे ५५ गुण.

सतत खाण्याचाच विचार येतो का, साखर उतरण्याची धास्ती वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, इथपर्यंत मी भराभर चार-चार लिहीत गेले. मग या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का, असा प्रश्न आला आणि पेन थांबलं. घरात ह्यांच्यापासून मंगलपर्यंत सगळी माझ्यासाठी धावत होती. तरी मी चार लिहिले. बाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केला. आठ महिन्यांत कोणी मला "तुम्ही कशा आहात" असं विचारलंच नव्हतं, "साखर कशी आहे" एवढंच विचारलं होतं, आणि मीही स्वतःला तेच विचारत होते.

बारीक असून मला हे कसं झालं याचं उत्तरही त्याच बाईंनी दिलं. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडे नेहमी आढळणारी ठेवण. माझा बीएमआय निदानाच्या वेळी २२ होता. तो फोटो मी ह्यांना दाखवला तेव्हा कुठे 'नमुना बदलला असेल' हा विषय घरात कायमचा मिटला.

डॉक्टरांनी माझी साखरेच्या नोंदींची वही पाहिली, ५२ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या गोळीवर आणि या वजनावर मला तुमचं ६.३ नको आहे." त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाबद्दल सांगितलं. हृदयविकाराचा धोका असलेले दहा हजारांहून जास्त मधुमेही त्यात होते. काहींचा एचबीएवनसी औषधांनी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न केला आणि त्याच गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्ये त्या गटाचे कडक उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. मी काही त्या गटातली नव्हे, हेही ते म्हणाले. पण जितकी कमी तितकी चांगली असा साखरेचा नियम नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. साखर वाढू देऊन चालणार नाही, हे तर आईच्या पायाने मला आधीच शिकवलं होतं.

ग्लिमेपिराइड बंद झाली. मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन दिली. या जोडीने साखर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी. सिटाग्लिप्टिनचं पेटंट आपल्याकडे जुलै २०२२ मध्येच संपलं होतं, त्यामुळे मला परवडली. लक्ष्य ठरलं सातच्या खाली. तुमच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नका, प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

मग त्यांनी पाय तपासले. चप्पल काढून झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक जाड धागा असतो, तो वाकेपर्यंत टेकवला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. "लागलं की 'हो' म्हणा." अंगठ्याखाली, हो. करंगळीखाली, हो. डाव्या पायाची आईची जी दोन बोटं गेली, त्यांच्याखाली टेकवला तेव्हा मी डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोठ्याने 'हो' म्हटलं. पायातली संवेदना शाबूत होती. ती तपासणी दोन-तीन मिनिटांची आणि बिनखर्चाची. वर्षातून एकदा ती करायलाच हवी, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन यांच्या तपासणीसारखीच. मी तर म्हणेन, तुमच्या डॉक्टरांनी वर्षभरात पायमोजे काढायला सांगितले नसतील तर तुम्ही आपणहून काढा.

टोचणं दिवसातून सहावरून आठवड्यातून सहावर आलं, पण जोडीने, जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा. त्यामुळे आकड्यांना अर्थ आला. माझ्याच हातचं जेवण मी पहिल्यांदा नीट तपासलं. एक मूद इंद्रायणीचा भात आधी खाल्ला तर साखर ७४ ने चढली. तेवढाच भात मटकीची उसळ आणि कोशिंबीर झाल्यावर शेवटी खाल्ला तर ४१ ने. जेवून लगेच पंधरा मिनिटं चालून आले तर आणखी कमी. हे माझ्या शरीराचे आकडे, तुमचे वेगळे येतील. पण भात परत ताटात आला, आणि भात आला तसं ताटावर सगळ्यांबरोबर बसणंही आलं. आता दुपारी डबे गेले की जेवते आणि केळकर रस्त्याने भिडे पुलाच्या टोकापर्यंत जाऊन येते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बंद, तेव्हा ओंकारेश्वराकडे.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांशी बोलणं. मी ह्यांना सांगितलं, "माझ्या ताटाकडे बघू नका. काही विचारायचंच असेल तर झोप लागली का ते विचारा." ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले आणि विचारलं, "लागली का झोप?"

मार्च २०२३ मध्ये एचबीएवनसी ६.८ आला. ह्यांचा चेहरा उतरला, डॉक्टर मात्र खूश होते. वजन ४९ वर गेलं होतं, ७० च्या खाली एकही नोंद नव्हती. त्या वीस प्रश्नांचा कागद मी मागून घेतला. बेरीज आली १८, म्हणजे साडेबावीस. एकटं वाटण्याच्या प्रश्नाला मी एक लिहिला. शून्य अजून लिहिता आलेला नाही.

पुढच्या चतुर्थीला, १९ सप्टेंबर २०२३ ला, पुन्हा तीनशेची ऑर्डर घेतली. आदल्या दिवशीचा हरितालिकेचा उपास डॉक्टरांना आधी विचारून केला, दूध, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे वेळेवर खाऊन. पहाटे उकड काढायला घेतली तेव्हा मंगलने माझ्या हातातली परात काढून घेतली आणि बशीत दोन थालीपिठं पुढे केली. "आधी खा, ताई. मग कळ्या." मी खाली बसून खाल्लं. अकराला शेवटची चाळण उतरली, ह्यांनी नैवेद्य दाखवला आणि माझ्या ताटात एक मोदक वाढला. वर तूप घातलं, आणि विचारलं काहीच नाही.