सीटखालचे निधान

मोटारसायकल आपण बहुतेक वरूनच ओळखतो. टाकी पुसतो, आरसे पुसतो, खंडेनवमीला हँडलला झेंडूची माळ घालून पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडतो. ज्या सीटवर बसून इतकी वर्षे संसार हाकला, तिच्यावर मात्र एक ओले फडके फिरवून मोकळे होतो. माझी शंभर सीसीची गाडी अकरा वर्षांची झाली, तरी तिची सीट मी एकदाही स्वतःच्या हाताने काढली नव्हती. सीट काढणे हे गॅरेजवाल्याचे काम असून आपले काम तिच्यावर बसण्याचे आहे, अशी माझी सोयीची वाटणी होती.

ही वाटणी मोडली ती जुलैत. बेळगावला जुनी माणसे गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. पण त्या महाबळेश्वरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि सकाळी सातला आकाशाचा जो रंग असतो तोच दुपारी तीनलाही असतो. सीटच्या रेक्झिनला दोन बोटांएवढी चीर पडली होती. वरून सीट कितीही कोरडी पुसली, तरी आतल्या स्पंजने रात्रभर प्यायलेले पाणी आपण बसल्यावर पाचव्या मिनिटाला बाहेर येते, आणि मग दिवसभर कचेरीत खुर्चीवरून उठताना आधी मागे कोण उभे आहे ते पाहावे लागते. उपाय म्हणून मी सीटला प्लास्टिकची पिशवी घालू लागलो. त्या पिशवीवरून वळणावर घसरायला होते, ही पत्नीची तक्रार. तिची दुसरी तक्रार त्याहून जुनी होती. "अहो, ही सीट उजवीकडे सरकते," असे ती कितीतरी वर्षे सांगत होती. खानापूरला माहेरी जाताना तर हे वाक्य ठरलेले असे, आणि माझे उत्तरही ठरलेले असे: "सीट नव्हे, रस्ता हलतो आहे." खानापूर रस्त्याचे खड्डे सर्वमान्य असल्यामुळे हा युक्तिवाद टिकत गेला.

मग एका रविवारी सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता टक् असा आवाज आला. किक मारल्यावर गाडी सुरू झाली, म्हणजे इंजिनाची तक्रार नव्हती. बॅटरी पाहायला हवी होती, आणि ती होती सीटखाली. गॅरेज बंद होते. वडगावातल्या आमच्या घराच्या पडवीत मी गाडी डबल स्टँडवर चढवली आणि पाने घेऊन बसलो. साइड स्टँडवर गाडी कलते आणि मागच्या भागावर जोर दिला की डगमगते, एवढे ज्ञान मला होते. तेवढ्यावरच माझे यंत्रज्ञान संपत होते.

शेजारचे मामा छत्री मिटत आत आले. बैलहोंगलकडचे हे कन्नड गृहस्थ उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहेत. मराठी आमच्यासारखीच बोलतात; फक्त एखादे काम हातघाईवर आले की त्यांची भाषा बदलते. मी साइड पॅनेल एका हाताने खेचू लागताच ते म्हणाले, "निधान, सर, निधान."

कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश. आमच्याकडे बसचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, पाण्याचा घडा उचलणारी बाई, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द असतो आणि तो कानावर पडला की मराठी माणसाचाही पाय आपोआप आखडतो. तरीही मराठीत तो वाचताना करुणानिधान, गुणनिधान असे काहीतरी आठवून खजिन्याचाच अर्थ मनात उभा राहतो. एकच शब्द, गल्लीच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला धीर. त्या दिवशी मला दोन्ही अर्थ लागू पडणार होते, हे अजून ठाऊक नव्हते.

साइड पॅनेलला एक स्क्रू असतो, बाकीचे ते प्लास्टिकच्या खुंट्यांनी रबराच्या भोकांत बसवलेले असते. अकरा वर्षांच्या उन्हाने प्लास्टिक कडकडीत होते आणि तिरके ओढले की खुंटी मुळापासून तुटते. म्हणून खुंटीच्या अगदी जवळ बोटे घालून सरळ, स्वतःकडे ओढायचे. मामांनी एक काढून दाखवले, दुसरे मी काढले. खुंटी शाबूत राहिल्याचा मला झालेला आनंद त्यांना जरा अतिरेकी वाटला असावा.

पॅनेल निघाल्यावर डाव्या बाजूला सीटचा बोल्ट दिसला आणि तो गंजून लाल झाला होता. मी बारा-तेराचा पाना उचलला, तो सैल पडला. दहा-अकराचा दहाकडून घट्ट बसला. पान्यावरचा दहा हा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, असा माझा इतक्या वर्षांचा समज होता. मामा म्हणाले, दहा हे डोक्याचे माप, आत शिरणारा दांडा सहा एमएमचाच. म्हणजे तोलून जोर लावायला हवा, कारण एवढ्याशा दांड्यावर लांब पाना चालवला की एक तर आटे जातात, नाही तर डोके तुटून हातात येते. त्यांनी बोल्टच्या मुळाशी तेलाचे चार थेंब सोडले, हातोडीने वर हलक्या दोन टिचक्या मारल्या आणि चहा मागवला. गंजलेल्या गोष्टींना घाई चालत नाही, हे २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या सीमादाव्याच्या तारखा मोजणाऱ्या गावाला वेगळे सांगायला नको. आमचा बोल्ट मात्र पंधरा मिनिटांत वाटाघाटीला तयार झाला. आधी केसभर आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, पुन्हा केसभर आवळून पुन्हा सोडून, अशा आढ्यावेढ्यांनी तो कुरकुरत बाहेर आला.

उजव्या बाजूला बोल्टच नव्हता. बोल्टच्या भोकातून बांधकामात सळ्या बांधायला वापरतात ती काळी तार ओवून तिला तीन पीळ दिले होते, आणि पिळाची टोके नीट आत दुमडून ठेवली होती. कुठल्या गॅरेजात, कुठल्या वर्षी, कोणाच्या हातून बोल्ट हरवला आणि मला न सांगता ही कारागिरी झाली, हे आता कळणे शक्य नाही. या तारेच्या भरवशावर मी चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो होतो. पत्नी मागे बसली होती. मामांनी तार बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाले, "काम नीट केलंय, सर. चुकीचं आहे, पण नीट केलंय." मी तार खिशात घातली आणि घरात कोणी पाहिले नाही ना, याची खात्री करून घेतली.

सीट मागून किंचित उचलून मागे ओढली की पुढची जीभ टाकीखालच्या पट्टीतून सुटते. ओढण्याआधी जास्त उचलले तर ती अडते. त्या एका हालचालीचा क्रम समजला की सीट अलगद हातात येते. मग माझ्यापुढे तो ठेवा उघडला. कंपनीने दिलेल्या हत्यारांची रेक्झिनची पुरचुंडी, तिच्यात प्लग खोलायचा पाना, मागच्या कुठल्यातरी खंडेनवमीच्या झेंडूच्या वाळून चहापत्तीसारख्या झालेल्या पाकळ्या, भाताचे टरफल, आणि एका कोपऱ्यात उंदराचे घरटे. घरटे कागदाच्या कपट्यांचे होते आणि कपटे निम्मे मराठी, निम्मे कन्नड वर्तमानपत्रांचे होते. आमच्या गल्लीतला उंदीर दोन्ही बाजू ऐकून घेणारा असावा. मालक घरी नव्हते. त्यांनी दिव्याच्या एका वायरीचे वरचे आवरण कुरतडले होते, आतली तार मात्र सोडली होती. मामांनी तेवढ्या भागाला टेप गुंडाळली.

बॅटरीच्या टोकांवर पांढुरका-हिरवट भुगा साचला होता आणि धन टोकाचा स्क्रू बोटाने फिरत होता. सेल्फच्या टक् आवाजाचे मूळ बरेचसे तिथेच होते, कारण सेल्फला क्षणभर खूप मोठा प्रवाह लागतो आणि अशा मळलेल्या, सैल जोडातून तो पोचत नाही. मी उत्साहाने पाना धन टोकाकडे नेला, तेव्हा त्या दिवशीचे दुसरे निधान ऐकू आले. आधी ऋण टोक सोडायचे, मग धन. जोडताना आधी धन, मग ऋण. गाडीची सगळी लोखंडी चौकट ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे ते टोक न सोडता धन टोकावर पाना लावला आणि पान्याचे दुसरे डोके चौकटीला टेकले, तर मधल्यामध्ये ठिणगी उडून पाना तापतो. हे कारण कळल्यावर क्रम पाठ करावा लागत नाही. शाळेत मला विद्युत मंडल शिकवणाऱ्यांनी हे एक वाक्य सांगितले असते तर माझे गुण वाढले नसते, पण मी जागा राहिलो असतो.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघाशीने टोके घासली, तेव्हा ती फसफसली आणि पितळेसारखी उजळली. बॅटरी पाण्याची होती. तिच्या सहा बुचांखाली सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे दोन व्होल्ट देते; दोन घरांतले पाणी खालच्या रेषेच्याही खाली गेले होते. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या पट्ट्यांना बाधतात, म्हणून औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणून ते दोन रेषांच्या मधोमध भरले. मामांच्या मीटरवर आकडा ११.८ होता, भरलेली बॅटरी स्वस्थ बसलेली असताना १२.६ च्या आसपास दाखवते. पाच अँपिअर-तासांच्या या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने रात्रभर चार्ज करायचे होते. भरभर चार्ज केली तर ती तापते आणि आयुष्य गमावते. इथे निधान हा शब्द मीच उच्चारला आणि मामांनी मान डोलावली. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून बॅटरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नव्हे, पडवीत ठेवली.

हवेच्या फिल्टरचे फार सांगण्यासारखे नाही, पण त्याचा रंग पाहून मामा जे बोलले ते मी विसरणार नाही. कागदी फिल्टर विटकरी झाला होता. "तुम्ही खानापूर, जांबोटीकडंच फिरता," ते म्हणाले. "आमच्या बैलहोंगलकडं फिरला असता तर काळा निघाला असता." जिल्ह्याच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, पूर्वेला कापसाची काळी, अकरा वर्षांचा माझा सगळा प्रवास त्या घड्यांत साठला होता आणि तो एकाच दिशेचा होता. फिल्टर हलकेच आपटून, आतून बाहेरच्या बाजूला हवा मारून पुन्हा बसवला. धुवायचा मात्र नसतो, कागद आहे तो.

खरा वेळ सीटने घेतला. उलटी करून दाबली तर तिच्यातून तांब्याभर पाणी निघाले. जुलैत ऊन कुठले, दोन दिवस ती सोप्यात पंख्याखाली उताणी पडून होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "गाडीला काय झालं?" असे आजारी माणसाबद्दल विचारावे तशा आवाजात विचारत होता. स्पंज पूर्ण सुकल्यावर रेक्झिनच्या चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवला. दिसायला वाईट दिसतो. तळाशी चौकटीवर टेकणारी चार रबरे असतात, त्यांतले एक दगडासारखे टणक झाले होते, ते बदलले.

बोल्टसाठी शहापुरात हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि "सीटचा बोल्ट द्या," म्हणालो. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, "नमुना आणलाय?" मी अभिमानाने डावीकडचा बोल्ट काढून दिला. लांबी मोजूनच घ्या, असे मामांनी बजावले होते. पाच एमएम जास्त लांब असला तर बोल्टचे टोक आत वायरींच्या जुडग्याला टोचत राहते आणि वर्षभराने दिवे का लागत नाहीत ते कोणालाच कळत नाही. दोन नवे बोल्ट आणि दोन वायसर घेतले. दुकानात पाठीमागे मराठीत हिशेब आणि पुढे कन्नडमध्ये घासाघीस चालली होती.

सीट काढण्यापेक्षा ती बसवणे अवघड निघाले. पुढची जीभ पट्टीत गेल्यासारखी वाटायची आणि मागून दाबले की वर यायची. तीन वेळा तसे झाल्यावर मी सीटवर बसून ती दाबण्याचा बेत केला, तो मामांनी हाणून पाडला. जमिनीवर डोके टेकवून टाकीखाली पाहिले तेव्हा कळले की जीभ पट्टीच्या वर चढत होती. ती खालून सरकवली आणि सीट पुढे रेटली, तेव्हा बोल्टची भोके आपोआप समोरासमोर आली. बोल्ट आधी दोन-तीन आटे बोटांनीच फिरवले. बोटांना जो अडतो तो तिरका चढलेला असतो, आणि तिरक्या बोल्टवर पाना लावणे म्हणजे आटे खाणे. दोन्हीकडून थोडे थोडे आवळत शेवटी पाना दिला.

सेल्फचे बटण दाबताच गाडी पहिल्या दमात सुरू झाली. पुढच्या रविवारी आम्ही खानापूरला गेलो. देसूर मागे पडले, वळणे गेली, दोन मोठे खड्डेही गेले, पण मागून काही आवाज आला नाही. तारेचा तुकडा अजून माझ्या खिशात होता आणि त्याची गोष्ट सांगावी की नाही, याचा निर्णय मी प्रत्येक मैलाच्या दगडाला पुढच्या दगडावर ढकलत होतो. खानापूर जवळ आल्यावर पत्नीने खांद्यावर बोट टेकवले.

"अहो," ती म्हणाली, "हा रस्ता कधी दुरुस्त केला?"